चकातली पकड आणि फिनिश झालेला जॉब

लेथवर एका बाजूने पूर्ण झालेला जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) उलटा करून चकात, म्हणजे तो पकडून फिरवणाऱ्या भागात धरला, की घोटलेल्या पृष्ठभागावर जॉचे (चकाच्या तीन जबड्यांचे) वळ उमटतात. चक जास्त आवळला, असे लगेच म्हटले जाते. पण नुसते बळ पाहून भागत नाही, ते किती जागेवर पडते हे पाहावे लागते. समजा, एक जॉ 5000 न्यूटन बळाने दाबतो. त्याची कडक दातेरी टोके मिळून 5 चौरस मिलिमीटर जागेला टेकत असतील, तर दाब होतो 1000 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. 6061-टी6 जातीचे ॲल्युमिनियम सुमारे 275 ताणालाच कायमचा आकार बदलू लागते. तेच बळ 400 चौरस मिलिमीटरवर पसरले, तर दाब उरतो 12.5.

म्हणून मध्ये तांब्याचा पत्रा घालतात. तो लाल तापवून पाण्यात बुडवला तरी मऊच होतो, पोलादासारखा कडक होत नाही. मग जॉचे दाते पत्र्यात रुततात, जॉब वाचतो. दाबून दाबून पत्रा पुन्हा कडक होतो, तेव्हा परत तापवायचा. तिन्ही तुकडे एकाच पत्र्याचे हवेत, नाहीतर जॉब केंद्रातून सरकतो. आणि आधी सगळे पुसून घ्या. अडकलेली एक चिप (धातूचा कीस) सुद्धा खड्डा पाडते.

जॉब बरेच असतील तर सॉफ्ट जॉ, म्हणजे कापून हवा तो आकार देता येणारे मऊ धातूचे जॉ, उत्तम. ते त्याच मशीनवर, एखाद्या रिंगवर आवळलेल्या स्थितीत, जॉबच्याच व्यासाला बोअर करायचे, म्हणजे आतून गोल कापायचे. आवळल्याने चकाच्या स्क्रोलमधला (जॉ सरकवणाऱ्या चक्राकार आट्यांच्या तबकडीतला) सैलपणा निघून जातो. बोअर लहान राहिला तर जॉब जॉच्या कडांवर टेकतो, मोठा झाला तर फक्त मध्यावर.

पातळ रिंगचे नुकसान मात्र डोळ्यांना दिसतच नाही, आणि मला तेच जास्त घातक वाटते. तीन जॉंनी दबलेल्या रिंगला आपण गोल बोअर करतो. चक सोडला की दबलेल्या तीन जागा बाहेर येतात आणि बोअर तिपाकळी होतो. प्रत्येक फुगवट्यासमोर नेमका खोलगट भाग येत असल्याने दोन टोकांत मोजणारा मायक्रोमीटर सगळीकडे एकच व्यास दाखवतो! तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर फिरवून लावला की खरे कळते. अशा रिंगला जवळजवळ पूर्ण घेर वेढणारे रुंद सॉफ्ट जॉ लावावेत आणि शेवटच्या बारीक कटाआधी पकड थोडी हलकी करावी. मात्र फिरताना जॉ बाहेर ओढले जातात आणि हा परिणाम वेगाच्या वर्गाने वाढतो; हलक्या पकडीत आरपीएम कमीच ठेवावा.