पोलिश स्थलांतरितांचा सहकार: पार्श्वभूमी

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटनने पोलिश कामगारांना त्याच दिवशी दार उघडलं. दाराला उंबरठा मात्र होता. नोकरी लागली की महिन्याभरात ५० पौंड (पुढे ९०) भरून नोंदणी करायची, मालक बदलला की नवं प्रमाणपत्र घ्यायचं. काम सुटल्यावरच्या सरकारी भत्त्यांसाठी १२ महिने नोंदणीकृत काम हवं, त्यात एकूण ३० दिवसांहून जास्त खंड पडला की मोजणी पहिल्यापासून. एजन्सीमार्फत गोदामात राबणाऱ्याला आज काम, उद्या नाही, त्यामुळे खंड त्याच्याच वाट्याला. स्वयंरोजगाराला ही नोंदणी लागत नसे. ही पद्धत एप्रिल २०११ अखेर संपली. ‘मालकच नको, सहकारी संस्था काढू’ हे म्हणणं अशा नोकऱ्यांतूनच पिकतं.

पण सहकार म्हटलं की पोलिश माणूस जरा सावध होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तसं नव्हतं. राज्य हाती येण्याची वाट न बघता दुकान आणि परस्पर मदत यांतूनच समाज बदला, असं पोलिश विचारवंत एडवर्ड अब्रामोव्स्की सांगत होते. इंग्लंडमध्ये राजकीय निर्वासित म्हणून राहिलेले सहकारी कार्यकर्ते स्तानिस्वाव वोयचेहोव्स्की तर १९२२ मध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले. कम्युनिस्ट राजवटीत ‘स्पोवेम’ (म्हणजे ‘मिळून’) या सहकारी संघाची दुकानं सरकारी नियोजनाखाली गेली: पाटी सभासदांची, हुकूम वरचा. आज ‘स्पुउजेल्न्या’ (सहकारी संस्था) म्हटलं की आधी घरांची सोसायटी आठवते, आपल्यासारखीच. म्हणून नवी मंडळी त्याच अर्थाने ‘कोऑपेराटिवा’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये कायद्याचा साचा तयार होता: किमान ३ सभासद, नियमावली, भाग (शेअर) कितीही असले तरी मत एकच. कामगारांच्या सहकारी संस्थेत भाग बहुधा १ पौंडाचा. नियमावलीत नीट वाचावं असं कलम शेवटी सापडतं. संस्था गुंडाळली तर उरलेली मालमत्ता सभासदांत न वाटता दुसऱ्या सहकारी संस्थेला द्यायची. ते नसेल तर वर्षानुवर्षं उभं केलेलं दुकान चार जण विकून मोकळे होतात.

ब्रिटनमधल्या पोलिश मंडळींची सहकारी चळवळ मोर्च्यात कमी, पाळीच्या तक्त्यात जास्त दिसते. गाडी अडते पगारावर. काम करणारे सभासद सहसा संस्थेचे नोकरही असतात, म्हणून त्यांना किमान वेतन द्यावंच लागतं. तरी शेतकऱ्याला रास्त भाव, गिऱ्हाइकाला परवडणारा दर आणि मधली तूट आपल्या बिनपगारी तासांनी भरायची, ही नेहमीची चूक. दुसरी चूक भाषेची. चर्चा पोलिशमध्ये, इतिवृत्त आणि कर इंग्रजीत. इंग्रजी पक्कं असलेला एकच जण बँक आणि पुरवठादार सांभाळतो, आणि मत एकच असूनही हळूहळू मालक होऊन बसतो. त्यावर उतारा एकच: फोन आणि खातेवही फिरती ठेवायची, नवख्याच्या हातून चार बिलं चुकली तरी.