हिंगूळ, पारा आणि अमर होण्याची खटपट

१९७० साली चीनमधल्या शीआन शहरात, हेजिया गावाच्या जागेवर बांधकामासाठी खोदताना मातीचे दोन मोठे रांजण सापडले. आत तांग राजवटीतला सोन्याचांदीचा खजिना होता. त्यात झाकणाचे चांदीचे डबे होते, आणि त्यांवर शाईने आतल्या मालाचं नाव, प्रत आणि वजन लिहिलेलं होतं. माल म्हणजे हिंगूळ (पाऱ्याचं लाल खनिज), गुहेतल्या चुनखडीचे लोंबते खडे, जांभळा स्फटिक. खड्यांतही ‘अव्वल’ आणि ‘त्याखालची’ अशी प्रतवारी, हिंगुळातही मोठ्या दाण्याचा वेगळा. आठव्या शतकातल्या कुणा बड्या घराण्याने सोन्याच्या पेल्यांच्या शेजारी हा माल जपून ठेवला, कारण तो पोटात घ्यायचा होता. आयुष्य वाढवण्यासाठी, आणि जमलंच तर मरण टाळण्यासाठी.

आज हे वाचून हसू येतं. पण या खटपटीमागे तर्क होता, आणि तो बराच काटेकोर होता.

अमरत्वाचा ध्यास ताओ धर्मापेक्षा जुना. पहिला सम्राट छिन शी ह्वांग याने पूर्वेच्या समुद्रातल्या अमरांच्या बेटांचा शोध घ्यायला माणसं पाठवली आणि इ.स.पू. २१० मध्ये तो स्वतः वाटेतच मेला. पुढे इ.स.पू. १३३ च्या सुमारास ली शाओजुन नावाच्या सिद्धाने हान सम्राट वू याला सांगितलं की चुलीच्या देवतेची पूजा करा, हिंगुळाचं सोनं करा, त्या सोन्याच्या भांड्यांत जेवा, म्हणजे आयुष्य वाढेल आणि मग अमरांची भेट होईल. थोड्याच दिवसांत ली आजारी पडून वारला. सम्राटाने मात्र तो मेला असं मानलंच नाही. त्याचं रूपांतर झालं असं त्याने धरलं. पुढच्या हजार वर्षांत हीच पळवाट पुनःपुन्हा कामी आली.

संघटित ताओ धर्म त्यानंतरचा. झांग दाओलिंगला इ.स. १४२ मध्ये ताओ मताचा आद्य गुरू लाओत्झू याचं दर्शन झालं, अशी त्याची परंपरा मानते. त्याच्या पंथात पापाची कबुली आणि सामुदायिक विधी यांना महत्त्व होतं. खनिजांपासून अमरत्वाचं औषध करण्याची भट्टी आणि मूस ही मात्र दक्षिणेतल्या शिकलेल्या घराण्यांची विद्या होती, आणि तिचा सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे गे होंग (२८३–३४३).

गे होंग म्हणतो, वनस्पती जाळली की राख होते. जे स्वतः जळतं, कुजतं, ते माणसाला काय तारणार? हिंगूळ मात्र तापवला की त्यातून चकाकता पारा निघतो, आणि त्या पाऱ्यावर पुन्हा प्रक्रिया केली की लाल हिंगूळ परत मिळतो. सोनं कितीही वर्षं पुरून ठेवलं तरी झिजत नाही. तेव्हा जे स्वतः नाश पावत नाही किंवा नाश पावून परत येतं, तेच शरीरात घालावं. पारा-गंधकाची काळी कज्जली आणि तिच्यापासून होणारा लाल रससिंदूर ज्याने आपल्याकडच्या रसशाळेत पाहिला असेल, त्याला या रंगबदलाची भुरळ का पडत असेल हे वेगळं सांगायला नको. रसायनशास्त्राच्या दृष्टीने गे होंगचं निरीक्षण बरोबरच आहे. चूक झाली ती खनिजाचा गुण माणसाच्या अंगी उतरेल असं मानण्यात.

हा उद्योग वाटेल त्याने, वाटेल तिथे करायचा नव्हता. डोंगरात एकांताची जागा हवी, सोबत मोजके दोन-तीन जण, आधी शंभर दिवसांचं सोवळं आणि सुगंधी पाण्याचं स्नान. मूस लिंपायला सात पदार्थांची खास माती, तिचं नाव मात्र ‘सहा-अधिक-एक’. विद्या मिळण्याआधी शपथ घ्यावी लागे आणि पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीत सोन्याची प्रतिमा सोडावी लागे. एवढा खर्च खुद्द गे होंगला झेपत नव्हता. गुरूकडून पोथ्या मिळून वीस वर्षं झाली, तरी पैशाअभावी औषध करता आलं नाही, असं त्याने सरळ लिहून ठेवलंय. उतारवयात त्याने आजच्या उत्तर व्हिएतनामकडच्या एका लहानशा जागेवर नेमणूक मागितली. का, तर त्या भागात हिंगूळ मिळतो. वाटेत ग्वांगझोउच्या अधिकाऱ्याने त्याला थांबवून घेतलं आणि तो जवळच्या लुओफू डोंगरावर राहिला.

याच गे होंगने घरगुती उपचारांचं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात हिवतापासाठी दवण्याच्या जातीतली छिंगहाओ ही वनस्पती मूठभर घ्या, पाण्यात भिजवा, पिळून रस प्या, असा उपाय आहे. उकळा असं तो म्हणत नाही. १९७०च्या दशकात तू योयो या संशोधिकेला या ओळीवरून सुचलं की उष्णतेने औषधाचा गुण जात असावा. त्यातून आर्टेमिसिनिन हाती लागलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ज्या वनस्पतींना गे होंग दुय्यम मानत होता, त्यांतल्याच एकीने पुढे असंख्य जीव वाचवले.

ज्यांना भट्टी परवडत नसे त्यांच्यासाठी शरीराची साधना होती, आणि ती कमी कष्टाची नव्हती. गे होंगने श्वासाचा धडा दिला आहे: नाकाने श्वास आत घ्या, कोंडा, मनात एकशेवीसपर्यंत मोजा, मग तोंडाने अगदी हळू सोडा. नाकातोंडाशी हंसाचं पीस धरावं. श्वास सोडताना ते हललं नाही तर जमलं. आकडा वाढवत हजारापर्यंत न्यायचा. जोडीला धान्य वर्ज्य. शरीरात तीन किडे राहतात, धान्यावर पोसतात आणि साठ दिवसांच्या चक्रातल्या एका ठरावीक रात्री, माणूस झोपला की, स्वर्गात जाऊन त्याची पापं सांगतात, अशी समजूत होती. म्हणून त्या रात्री जागरण करायचं. चहाडखोर पोटातच बसलेला असण्याची ही कल्पना मला तरी फार आवडते.

३६४ नंतरच्या काही वर्षांत नानजिंगजवळच्या माओशान डोंगराच्या परिसरात यांग शी नावाच्या साधकाला रात्री-अपरात्री देवता दिसू लागल्या. त्या सांगत आणि तो लिहून घेई. या शांगछिंग परंपरेत डोळे मिटून शरीरातल्या देवतांचं ध्यान करणं आणि सूर्यचंद्राचं तेज गिळणं मुख्य झालं. पुढे ताओ होंगजिंग (४५६–५३६) या विद्वानाने ती विखुरलेली हस्तलिखितं अक्षर ओळखून, खरीखोटी पारखून एकत्र केली. लियांग सम्राट वू त्याला भट्टीसाठी सोनं आणि हिंगूळ पुरवत असे. त्याचा तरुण शिष्य झोउ झिलियांग यालाही दर्शनं होऊ लागली. स्वर्गात तुझी एका पदावर नेमणूक झाली आहे, निघ, असं त्याला सांगण्यात आलं. ५१६ मध्ये त्याने स्वतः औषध तयार करून घेतलं आणि तो मेला. वय विशीचं. गुरूने त्याची टिपणं शोधून काढली आणि सम्राटाला सादर केली.

आपल्या लेखी ही आत्महत्या. त्यांच्या लेखी बदली, तीही बढतीवर. प्रेत मागे ठेवून खरा माणूस निघून जातो. पेटी उघडली तर आत कपडे किंवा काठी सापडते, असं ते मानत. औषधाने माणूस मेला, तर औषध खोटं कसं ठरवणार? मरण हाच त्याचा गुण आल्याचा पुरावा! म्हणून विषबाधेच्या कितीही घटना घडल्या तरी त्याने श्रद्धेला धक्का लागत नव्हता.

तांग राजवटीत हा नाद थेट सिंहासनावर बसला. राजघराण्याचं आडनाव ली, लाओत्झूचंही ली. म्हणून तो मूळपुरुष ठरला. सम्राट ताइझोंगने तरुणपणी अमरत्वाच्या मागे लागलेल्या जुन्या सम्राटांची टर उडवली होती. पण ६४८ मध्ये वांग श्वानत्से हा राजदूत भारतातून एका वैद्याला घेऊन गेला. नारायणस्वामी असं त्याच्या नावाचं मूळ मानलं जातं, आणि तो स्वतःचं वय दोनशे सांगत असे. त्याला राजवाड्यात ठेवून औषध करवलं गेलं. ६४९ मध्ये ताइझोंग वारला. त्याच्या मुलाने दुसऱ्या एका भारतीय सिद्धाकडून औषध घ्यायचं ठरवलं तेव्हा एका मंत्र्याने वडिलांच्या त्या औषधाची आठवण करून दिली, आणि मुलाने ऐकलं. देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आपल्याकडे पुलकेशीच्या राज्याचं वर्णन लिहून गेलेला चिनी प्रवासी युआन श्वांग मायदेशी परतल्यावर, कामरूपच्या राजाच्या मागणीवरून लाओत्झूचा ग्रंथ संस्कृतात आणण्याचं काम त्याच्याकडेच सोपवलं गेलं.

नवव्या शतकात तर रांगच लागली. सम्राट शियानझोंगने लिउ मी नावाच्या सिद्धाला औषधी वनस्पती गोळा करता याव्यात म्हणून चक्क एका प्रांताचा अधिकारी केलं. पेइ लिन या दरबाऱ्याने अर्ज केला: औषध देणाऱ्याने आधी वर्षभर ते स्वतः घ्यावं, मग काय ते कळेल. इतकी साधी चाचणी सुचवल्याबद्दल त्याची उचलबांगडी झाली. औषधाने शियानझोंग संतापी झाला, आसपासच्या माणसांना जिवाची धास्ती वाटू लागली आणि ८२० मध्ये तो मेला. एका खोजाने मारलं असं बोललं गेलं. त्याचा मुलगा मूझोंग याने लिउ मीला मारून टाकलं आणि पुढे स्वतःच तसली औषधं घेतली. ८२४ मध्ये तोही गेला. पुढचा सम्राट वूझोंग याचं रंगरूप बिघडलं, तेव्हा ताओ साधूंनी सांगितलं की घाबरू नका, हाडं नवी होत आहेत. ८४६ मध्ये तो मेला. त्याच्यानंतरच्या श्वानझोंगने त्या साधूंच्या म्होरक्याला मृत्युदंड दिला, आणि ८५९ मध्ये स्वतः औषधानेच गेला. आधीच्याचा वैद्य ठग होता, माझा तसा नाही, अशीच प्रत्येकाची समजूत दिसते.

जाणकारही सुटले नाहीत. सुन सिमियाओ हा सातव्या शतकातला थोर वैद्य. पाच खनिजांच्या चूर्णाची कृती दिसली की ताबडतोब जाळा, असं त्याने बजावलं. आणि तोच दुसरीकडे भट्टीच्या कृतीही लिहीत होता. भट्टीतून आणखी एक गोष्ट निघाली. नवव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची मानली जाणारी एक ताओ पोथी ताकीद देते की काहींनी गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं खनिज) आणि सोरा मधाबरोबर तापवला, तर भडका उडून हात-तोंड भाजलं आणि घर जळालं. अमर होण्याच्या नादात ही माणसं बंदुकीच्या दारूपाशी पोचली होती. १०४४ च्या लष्करी ग्रंथात तिच्या कृती आहेत.

तोवर साधकांनी वाट बदलली होती. भट्टी बाहेर कशाला, पोटातच पेटवा. शिसं म्हणजे मूत्रपिंडाचं पाणी, पारा म्हणजे हृदयाचा अग्नी, आच म्हणजे श्वास. या सगळ्यातून आत एक गर्भ वाढवायचा. झांग बोद्वानने १०७५ च्या सुमारास ही विद्या पद्यात बांधली. शब्द सगळे जुन्या मुशीचेच राहिले, त्यामुळे आज वाचताना पारा खरा की मनातला, हे ओळीगणिक तपासावं लागतं.

बाराव्या शतकात वांग चोंगयांगने स्थापलेल्या छ्वानझेन पंथाने बाहेरचं औषध जवळपास सोडून दिलं: ब्रह्मचर्य, भिक्षा, ध्यान. त्याचा शिष्य च्यू चूजी याला चंगीझखानाने बोलावणं धाडलं. सत्तरी उलटलेला हा म्हातारा अठरा शिष्य घेऊन वाळवंट ओलांडत १२२२ मध्ये हिंदुकुशजवळच्या छावणीत पोचला. खानाने पहिल्याच भेटीत विचारलं, अमरत्वाचं कोणतं औषध आणलंय? च्यू म्हणाला, आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही. खान रागावला नाही. उलट त्याच्या पंथाला करमाफी दिली. त्या माफीच्या जोरावर उत्तर चीनमध्ये छ्वानझेन मठ झपाट्याने वाढले, बौद्धांच्या मालमत्तेवरून भांडणं लागली, आणि १२८१ मध्ये कुब्लाईखानाने लाओत्झूचा ग्रंथ वगळून बाकी ताओ पोथ्या जाळायचा हुकूम काढला. अमरत्वाच्या औषधाचं वेड त्यानंतरही सुटलं नाही. मिंग सम्राट जियाजिंग ते घेतच राहिला आणि १५६७ मध्ये मेला.