दूधवाल्याचं हँडल

पुलगावहून आर्वीला गियरच्या सायकलने निघालो, तर रोहण्याच्या अलीकडेच डाव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या. चहाच्या टपरीवर हात झटकत उभा होतो. दुधाचे दोन कॅन लटकवलेल्या काळ्या सायकलवरचे काका हसले. ‘‘भाऊ, ह्या सरळ दांडीनं तं ढोरासारखी मान खाली राह्यते!’’

काकांचं हँडल मागे, थेट त्यांच्याकडे वळलेलं. मुठी मांडीच्या वर, मनगट सरळ, पाठ ताठ.

१८१७ साली कार्ल ड्राइसने जर्मनीत पहिली दुचाकी चालवली तेव्हा पुढे हात टेकायला गादीची फळी होती. पुढे उंच चाकाच्या सायकली आल्या. त्यांत हँडल आणि गुडघे एकमेकांच्या वाटेत, म्हणून दांडी मिशीसारखी खाली वाकवावी लागली. १८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. चाकं जवळजवळ सारखी झाली, बैठक खाली आली आणि हँडल स्वाराकडे मागे वळवायला जागा झाली. त्याच घराण्याचं, इंग्लंडात ‘नॉर्थ रोड’ म्हणतात ते हँडल आपल्या खेड्यापाड्यांतल्या काळ्या सायकलीवर स्थिरावलं.

शर्यतवाल्यांनी मात्र वारा कापायला बकऱ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल घेतलं. सरळ दांडी १९७०च्या दशकानंतर पसरली, कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर सायकली पिटाळणाऱ्यांमुळे. उतारावर उभं राहून चाक सांभाळायला ती छानच. पण तासन्‌तास काळ्या मातीच्या सपाट रस्त्याने जाताना तळहाताची एकच जागा दाबली जाते, करंगळीकडे जाणारी शीर चेपते. माझं तेच झालं होतं.

दुधाच्या सायकलीवरचं जुनं हँडल काढून गियरच्या सायकलीला लावू म्हटलं, तर जमत नाही. त्याला ब्रेकच्या लोखंडी कांड्या जोडलेल्या असतात. पण त्याच वळणाची साधी दांडी वेगळी मिळते. मुठीजवळची तिची जाडी सरळ दांडीइतकीच, २२.२ मिलिमीटर, म्हणून जुने ब्रेक आणि गियरचे खटके तसेच बसतात. केबल मात्र लांब घ्यावी लागते. मिस्त्रीने मला आधी जुन्याच मापाची दिली. हँडल वळवलं की पुढचा ब्रेक आपोआप लागायचा.

दुसऱ्या खेपेला आर्वीपर्यंत करंगळी शाबूत होती. रोहण्याच्या टपरीवर काका दिसले नाहीत, नाहीतर नवं हँडल दाखवलं असतं.