मेंदूच्या अँजिओग्राफीतील गुंगीची औषधे

मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी (धमनीत रंजकद्रव्य सोडून क्ष-किरणांनी चित्रे घेण्याची तपासणी) करताना प्रौढ रुग्णाला सहसा पूर्ण भूल देत नाहीत. त्याला जागे, निदान हाक मारली की ओ देईल इतपत जागे ठेवतात आणि भीती व अस्वस्थपणा कमी करण्यापुरते गुंगीचे औषध शिरेतून देतात. औषध निवडताना ते किती गाढ झोपवते यापेक्षा रुग्ण किती लवकर नीट उत्तर देऊ शकेल, याला जास्त महत्त्व असते. कारण तपासणीदरम्यान रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली, तर त्याची पहिली खूण बहुधा रुग्णाच्या बोलण्यात किंवा हाताच्या पकडीत दिसते. गाढ झोपलेल्या माणसात ती खूण शोधायची कुठे?

ही तपासणी पोर्तुगीज मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी 1927 मध्ये लिस्बनला प्रथम यशस्वी केली. (त्यांना 1949 चे नोबेल मिळाले ते मात्र मेंदूवरील एका शस्त्रक्रियेसाठी, आणि ती शस्त्रक्रिया पुढे बदनाम झाली.) त्या काळी मानेवर छेद देऊन मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी उघडी करत आणि तीत रंजक म्हणून सोडियम आयोडाइड सोडत. स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये सुई व तारेच्या साहाय्याने धमनीत नळी सरकवण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून जांघेतून, आणि आता मनगटातूनही, ही नळी म्हणजे कॅथेटर वर नेता येतो. सुई टोचायची जागा लिग्नोकेनने बधिर करतात. कॅथेटर धमनीतून सरकताना सहसा दुखत नाही. आजची नॉन-आयनिक (पाण्यात विरघळताना विद्युतभारित कण न होणारी) रंजकद्रव्ये जुन्या द्रव्यांपेक्षा पुष्कळ सुसह्य आहेत. द्रव्य सोडताच चेहऱ्यावर, डोळ्यांमागे उष्णतेची एक लाट येते आणि काही क्षणांत ओसरते. तिची कल्पना आधी दिली, तर अनेकांना औषधाची गरजही भासत नाही. गुंगीची गरज कमी होण्याचे बरेचसे श्रेय या रंजकद्रव्यांना द्यायला हवे.

खरी अडचण हालचालीची असते. डिजिटल पद्धतीत रंजक सोडण्यापूर्वीची प्रतिमा नंतरच्या प्रतिमेतून वजा करतात, म्हणजे हाडे पुसली जाऊन फक्त रक्तवाहिन्या उरतात. मधल्या काळात डोके जरासे जरी हलले, तरी वजाबाकी चुकते आणि चित्र फसते. म्हणून ‘श्वास धरा, गिळू नका, हलू नका’ या सूचना रुग्णाला कळायला आणि पाळता यायला हव्यात; त्या त्याच्या स्वतःच्या भाषेत दिलेल्या बऱ्या. गुंगी जास्त झाली की रुग्ण घोरू लागतो, घोरण्याने डोके हलते, आणि ज्यासाठी औषध दिले तेच बिघडते.

मिडॅझोलॅम हे सर्वांत रुळलेले औषध. शिरेतून 1 ते 2 मिलिग्रॅम दिले की दोन-तीन मिनिटांत घबराट उतरते आणि तपासणीची आठवणही पुसट होते. मात्र वृद्धांमध्ये ते कधीकधी उलटते: माणूस शांत होण्याऐवजी बरळू लागतो, उठून बसू पाहतो. पूर्वी पक्षाघात होऊन सावरलेल्या रुग्णात जुना लुळेपणा तात्पुरता परत दिसू शकतो, आणि मग हा औषधाचा परिणाम की नवा झटका, असा पेच पडतो. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आहे, पण अपस्माराच्या रुग्णात त्याने झटके येऊ शकतात.

पाठदुखीमुळे ज्यांना सपाट झोपवत नाही, त्यांना 25 ते 50 मायक्रोग्रॅम फेंटानिल हे वेदनाशामक उपयोगी पडते. पण मिडॅझोलॅमच्या जोडीला ते श्वास मंदावते. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. धमनीतील त्याचा दाब 1 मिमी पारा इतका वाढला की मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे 3 ते 4 टक्क्यांनी वाढतो; कवटीतील दाब आधीच चढलेल्या रुग्णाला हे झेपत नाही. ऑक्सिजनची नळी लावलेली असताना श्वास मंदावला तरी पल्स ऑक्सिमीटर बराच वेळ चांगलेच आकडे दाखवत राहतो, म्हणून उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणे हाच भरवशाचा मार्ग.

डेक्समेडेटोमिडीनची गुंगी नैसर्गिक झोपेसारखी असते. हाक मारताच रुग्ण जागा होतो, सूचना पाळतो आणि पुन्हा डुलकी घेतो. श्वासही फारसा मंदावत नाही. या कामासाठी ते गुणी औषध, पण घाईचे नव्हे: पहिली मात्रा दहा मिनिटांत हळूहळू द्यावी लागते, नाडी व रक्तदाब उतरतात आणि गुंगी सावकाश जाते. प्रोपोफॉल झटकन चढते आणि झटकन उतरते. मात्र जागेपणा व बेशुद्धी यांमधली त्याची वाट अरुंद असल्याने ते भूलतज्ज्ञाच्याच हाती असावे. धमन्या आकसलेल्या रुग्णात त्याने रक्तदाब पडला, तर मेंदूला रक्त अपुरे पडते.

फुटलेल्या धमनीविस्फाराच्या (धमनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याच्या) रुग्णात दोन्ही बाजूंनी धोका असतो. गुंगी कमी पडून रक्तदाब उसळला तर पुन्हा रक्तस्रावाची भीती. जास्त झाली तर श्वास मंदावून कवटीतील दाब वाढतो. रुग्ण फारच अस्वस्थ असेल, तर श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देणे अधिक सुरक्षित. लहान मुलांतही बहुधा तोच मार्ग धरतात.

याउलट वाडा चाचणीत आधी काहीच देत नाहीत. तीत अमोबार्बिटाल थेट एका बाजूच्या कॅरोटिड धमनीत सोडून मेंदूचा तो अर्धा भाग काही मिनिटे निजवतात, आणि भाषा व स्मृती कोणत्या बाजूला आहेत हे रुग्णाला बोलते करून पाहतात. मिडॅझोलॅमने स्मृती आधीच पुसट झालेली असेल, तर चाचणीला अर्थ राहत नाही.