एसएलसी५ए१ : सोडियम-ग्लुकोज सहवाहकाचे जनुक

एसएलसी५ए१ हे २२ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरील मानवी जनुक आहे. त्यावरून एसजीएलटी१ हे ६६४ ॲमिनो अम्लांचे प्रथिन तयार होते. पेशीपटलातून १४ वेळा आरपार गेलेले हे प्रथिन मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरपेशींवर, पोकळीकडील बाजूस असते. पचलेल्या अन्नातील ग्लुकोज व गॅलॅक्टोज पेशीत घेणे हे त्याचे काम.

एका फेरीत सोडियमचे दोन आयन व शर्करेचा एक रेणू बरोबरच आत येतात. शर्करेला ओढण्याचे बळ सोडियमचे असते. पेशीच्या रक्ताकडील बाजूचा सोडियम पंप एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून तीन सोडियम आयन बाहेर व दोन पोटॅशियम आयन आत नेतो, त्यामुळे पेशीत सोडियम सतत कमी राहते. म्हणूनच आतड्यात ग्लुकोज थोडे उरले तरी ते शोषले जाते. पुढे ते ग्लुट२ या वाहकातून रक्तात उतरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी, ती ग्लुट५ मधून जाते. सांगलीच्या पेठेतला गूळ काय किंवा कारखान्यातली साखर काय, दोन्ही मुख्यतः सुक्रोज. आतड्यात ते फुटले की त्याचे दोन अर्ध, ग्लुकोज व फ्रुक्टोज, दोन वेगळ्या दारांनी आत जातात. तासगावच्या बेदाण्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज आधीच सुटे असतात.

सहवहनाची कल्पना जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात मांडली. ग्लुकोजचे शोषण सोडियमवर अवलंबून असल्याचे संकेत १९५८ च्या सुमारास इतर प्रयोगांतूनही मिळाले होते. तरी दोन्हींची एकत्र ने-आण आणि तिच्यामागचे बळ स्पष्टपणे जोडण्याचे श्रेय क्रेन यांना देणे रास्त ठरते. प्रथिनाची ओळख पटायला आणखी २७ वर्षे लागली. अर्नेस्ट राइट यांच्या गटाने १९८७ मध्ये सशाच्या आतड्यातील आरएनए बेडकाच्या अंडपेशींत घालून हा वाहक शोधला. मानवी रूप १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या वाहकाबरोबर पाणी कसे जाते, हा अजून वादाचा मुद्दा आहे. राइट, लू, झॉयथेन आदींनी १९९६ मध्ये असे मांडले, की वाहक स्वतःच दर फेरीला पाण्याचे सुमारे २६० रेणू आत ढकलतो. माँट्रियलच्या लापॉइंट गटाने २००१ मध्ये याला हरकत घेतली. त्यांच्या मते शर्करा व सोडियम पटलालगत साचतात, तेथील द्रावण दाट होते आणि पाणी केवळ परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे, मागोमाग येते. पहिला पक्ष खरा धरून हिशेब केला, तर ७५ मिलिमोल (१३.५ ग्रॅम) ग्लुकोजबरोबर सुमारे ३५० मिलिलिटर पाणी जाईल. जलसंजीवनीच्या (ओआरएस) एका लिटरात ग्लुकोज तेवढेच असते, म्हणजे उरलेल्या पाण्यासाठी परासरण मानावेच लागते. दुसरा पक्ष त्यामुळे अधिक सुटसुटीत वाटतो. पाणी शर्करा व सोडियमच्या मागे जाते, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत दुमत नाही.

जलसंजीवनीचा आधार हाच. पटकीचे विष पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवते, क्लोराइड व त्यामागून पाणी आतड्यात ओतले जाते. पण एसजीएलटी१ चे काम चालूच राहते. नुसत्या मिठाच्या पाण्याला ही वाट नीट मिळत नाही, ग्लुकोज घातले की मिळते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. आजच्या प्रमाणित पुडीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते; शिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ सारख्या महापुरांत पिण्याचे पाणी गढूळ होते आणि जुलाबाचा धोका वाढतो, तेव्हा सांगली-मिरजेच्या घरांत ही पुडी आधीपासून असलेली बरी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ याहून वाढवू नये, लहान मुलांना ते घातक ठरते. मीठ घातलेली भाताची पेजही याच वाटेने उपयोगी पडते, कारण तिच्यातील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते.

संदेशवहनातही या प्रथिनाचा वाटा आहे. आतड्यातील संप्रेरके स्रवणाऱ्या के व एल पेशींत ग्लुकोजबरोबर शिरलेल्या सोडियममुळे पटलाचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येते आणि जीआयपी व जीएलपी-१ ही संप्रेरके रक्तात सुटतात. जेवण आल्याची सूचना स्वादुपिंडाला अशी पोहोचते. मूत्रपिंडात ग्लुकोज परत घेण्याचे बहुतेक काम एसजीएलटी२ हा याच कुळातला दुसरा वाहक करतो.

जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास ग्लुकोज-गॅलॅक्टोज अपशोषण हा दुर्मीळ विकार होतो. त्यामागचा बदल प्रथम १९९१ मध्ये दाखवला गेला. आईच्या दुधातील लॅक्टोजपासून याच दोन शर्करा सुटत असल्याने अशा बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच पाण्यासारखे जुलाब लागतात. जलसंजीवनीतही ग्लुकोजच असते, म्हणून तिने ते वाढतात. बाळाला शिरेतून द्रव द्यावे लागते, आणि फ्रुक्टोजवर आधारित आहार सुरू केल्यावर जुलाब थांबतात.