मेट्रो की लाइट रेल? पाटी नको, चौक बघा

वाढत्या शहरात मेट्रोचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यापेक्षा लाइट रेल करा, स्वस्तात होईल." यातला 'लाइट' शब्द फसवा आहे. डबे वजनाला हलके, एवढाच फरक असावा असं त्यावरून वाटतं. नावावर तर मुळीच जाऊ नये. पोर्तुगालमधल्या पोर्तोची 'मेट्रो' २००२ साली सुरू झाली. ती शहराच्या मध्यभागी भुयारातून जाते आणि पुढे वर येऊन चौकाचौकांतून ट्रामसारखी धावते. उलट मनिलाची पहिली 'एलआरटी', म्हणजे नावाने लाइट रेल, १९८४ पासून खांबांवरच्या मार्गावर आहे आणि रस्त्यावरच्या चौकांशी तिचा काही संबंध नाही.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: रूळ कुणाच्या वाटेत येतात का?

मेट्रोचे रूळ कुणाच्याच वाटेत येत नाहीत, आणि तिची बाकीची सगळी ताकद त्यातून येते. समोर कुणी आडवं येणार नसल्यामुळे गाड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडता येतात, विजेचा तिसरा रूळ उघडा जमिनीलगत ठेवता येतो आणि गाडीही लांब करता येते. सहा डब्यांत १,५०० माणसं धरा. तासाला ३० गाड्या म्हटल्या तर एका दिशेने ४५,००० माणसं झाली.

लाइट रेल रस्त्यावर आली की चौकाचं गणित सुरू होतं. गाडी दोन चौकांमधल्या अंतरापेक्षा लांब असून चालत नाही. थांबली तर तिची शेपटी मागचा चौक अडवते. शिवाय आडव्या रस्त्यालाही हिरवा दिवा द्यावा लागतोच. ४०० माणसांची गाडी चार मिनिटांनी एक, म्हणजे तासाला ६,०००. डबे कितीही चकचकीत आणा, हा आकडा चौकच ठरवतो.

पण तेवढ्यावरून लाइट रेलला कमी लेखणं मला पटत नाही. तिला घट्ट वळण घेता येतं, चढ चढता येतो आणि प्रवासी फुटपाथवरून थेट गाडीत पाऊल टाकतो. मेट्रोसाठी दोन-तीन मजले उतरा, तपासणीतून जा, मग फलाट. तीन किलोमीटर जायचं असेल तर तेवढ्या वेळात लाइट रेलवाला निम्म्या वाटेवर पोहोचलेला असतो.

आज लाइट रेल, पुढे मेट्रो, असंही करता येतं. मात्र ते पहिल्या नकाशातच ठरवावं लागतं. ब्रुसेल्सने १९६९ मध्ये भुयारात ट्राम सोडली, पण भुयारं बांधली ती पुढच्या मेट्रोचा विचार करून. १९७६ मध्ये तिथे मेट्रो धावू लागली. रस्त्यावरच्या रुळांना ही सोय नाही. ते उचलून वर किंवा खाली न्यायचे म्हणजे नवाच मार्ग बांधणं आलं.

आणि चौक टाळले म्हणजे जिंकलो असंही नाही. व्हँकुव्हरची २००९ मधली कॅनडा लाइन पूर्ण स्वतंत्र मार्गावर, चालकाविना धावते. तिचे बहुतेक फलाट मात्र ४० मीटरचे ठेवले, पुढे ५० पर्यंत वाढवता येतील असे. म्हणजे तिथे गाडीची लांबी चौकाने नव्हे, फलाटाने अडवली आहे.