पाणमांजर पहिल्या यादीत कसे गेले?

गुळगुळीत आखूड केस, टोकाकडे चपटी होत गेलेली शेपटी, ७ ते ११ किलो वजन आणि कुटुंबकबिल्यासह हिंडण्याची सवय. सिंधुदुर्गातल्या नद्यांत आणि गोव्यातल्या खारफुटीत दिसते ते हेच गुळगुळीत केसांचे पाणमांजर. काठच्या खडकावर खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे मिसळलेली ओली विष्ठा सापडली, की कळप जवळपास आहे असे समजावे. शास्त्रीय वर्णन १८२६ मधले, सुमात्रातल्या नमुन्यावरून केलेले.

वादाचा विषय आहे तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारातल्या याद्यांचा. भारतातल्या तीन जातींपैकी युरेशियन पाणमांजर १९७७ पासून पहिल्या यादीत होते, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद. बाकीच्या दोन जाती, म्हणजे हे गुळगुळीत केसांचे आणि लहान नख्यांचे पाणमांजर, दुसऱ्या यादीत, परवान्यावर. कागदावर हे ठीक दिसते. पण कमावलेले कातडे कोणत्या जातीचे, हे नुसत्या नजरेने ओळखणे जिकिरीचे. २००३ मध्ये तिबेटात वाघ-बिबट्यांच्या कातड्यांबरोबर पाणमांजरांची ७७८ कातडी एकाच वेळी पकडली गेली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई होती, तरी ही मागणी सीमेपलीकडून खुणावत होतीच.

ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हात भारतासह काही देशांच्या प्रस्तावावरून या दोन्ही जाती पहिल्या यादीत गेल्या. पाळीव प्राण्यांच्या बाजारात आणि जपानच्या कॅफेंत मिरवले जात होते ते मुख्यतः लहान नख्यांचे पाणमांजर. त्यामुळे गुळगुळीत केसांची मोठी जात धाकट्या भावंडाच्या पुण्याईवर पुढे सरकली, असा आक्षेप निघाला. तो अगदीच पोकळ नाही, पण कातड्यांचा इतिहास तो सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. शिवाय या मोठ्या जातीची संख्याही घटत होती आणि धोक्यातल्या जातींच्या जागतिक ‘लाल यादीत’ तिची नोंद ‘असुरक्षित’ अशीच होती.

बदल २६ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाला. मात्र हा करार सीमेवर कामाला येतो. नदीतली वाळू उपसणारा सक्शन पंप, मासे मारायला ओतलेली ब्लीचिंग पावडर किंवा जिलेटिनचा बार त्याच्या कक्षेतच नाही. वाळूउपशाने काठ ढासळला, की त्यातले बीळही जाते. पिल्ले आंधळी जन्मतात, डोळे उघडायला साधारण १० दिवस लागतात आणि आईचे दूध तुटायला ३ ते ५ महिने.